दोरीच्या गाठी मोजत चार दिवस : राकसकोप ते कल्लोळ

माझी भाची सहा वर्षांपूर्वी शिकायला व्हर्जिनियाला गेली आणि तिथल्या चेसापीक खाडीतल्या पाण्याखालच्या गवतात रमली. यंदा संक्रांतीसाठी ती बेळगावला आली. रात्री जेवताना मी तिला सांगितलं, की तिच्या त्या हायड्रिलाशी माझीही ३१ वर्षांची ओळख आहे. चंचुपात्रात उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी, आत हायड्रिलाच्या चार काड्या; उन्हात ठेवलं की ऑक्सिजनचे बुडबुडे एकामागून एक वर चढतात. शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला तो प्रयोग आठवत असेल. ते हायड्रिला मी शाळेमागच्या तळ्यातून बादलीनं आणायचो. निवृत्तीच्या आधी काही वर्षं ते तिथं मिळेनासं झालं, तेव्हापासून मासे विकणाऱ्या दुकानातून विकत आणू लागलो.

"कुठल्या वर्षापासून मिळेना, मामा?" तिनं विचारलं.

मला सांगता आलं नाही. वर्ष तर नाहीच, पण आधी विरळ झालं की एकदम गेलं, तळ्यात नाल्याचं पाणी वळवलं त्याच्या आधी गेलं की नंतर, यातलंही काही सांगता आलं नाही. दरवर्षी तळ्यावर जाणारा माणूस मीच होतो, आणि मी कधीही काही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

भाचीच्या खाडीचं मात्र सगळं लिहिलेलं आहे. चेसापीक म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर लांबीची खाडी. सहा राज्यांतलं पाणी तिच्यात येतं. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस नावाचं वादळ आलं, नद्यांनी गाळ आणून ओतला आणि आधीच कमी होत चाललेलं पाण्याखालचं गवत कोसळलं. १९८४ पासून तिथली सागरविज्ञान संस्था विमानातून खाडीचे फोटो काढून गवताचा नकाशा करते. ओहोटी असावी, वारा पडलेला असावा, ऊन तिरपं असावं, पाणी नितळ असावं, एवढं सगळं जुळलं तरच विमान उडतं. शिवाय काठावरची साधी माणसं छोट्या होड्यांतून जाऊन खात्री करून येतात. भाची त्यांच्यातली.

"मग आपण आपल्या इथल्या पाण्याचं लिहूया की. चार दिवस आहेत माझ्याकडं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या लोहाराकडून दोन दाताळी पाठीला पाठ लावून तारेनं घट्ट बांधून घेतली. वीस सेंटिमीटरची पत्र्याची थाळी कापून तिचे चार भाग काळे-पांढरे रंगवले, मधून दोरी ओवली, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारली आणि खाली वजन म्हणून मामीचा जुना खलबत्त्यातला बत्ता बांधला. ही सेकी तबकडी. आंजेलो सेकी नावाच्या इटलीतल्या धर्मगुरूनं, जो खगोलशास्त्रज्ञही होता, १८६५ साली ती समुद्रात सोडून पाण्याचा नितळपणा मोजला. दीडशे वर्षं उलटून गेली तरी जगभर अजून हीच वापरतात. थाळी खाली सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या.

पहिला दिवस : राकसकोप

सकाळी साडेसातला निघालो. शेजारचा मुलगा गाडी चालवायला होता. धुकं इतकं, की हिंडलग्याच्या पुढं दिवे लावावे लागले. राकसकोप शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. मार्कंडेय नदी इथं अडवली आहे, बेळगावच्या नळाला येतं ते पाणी बरंचसं इथलं. पलीकडं चंदगड तालुक्यातलं तुडये. ज्या पाण्यावर मी वाढलो त्याच्या तळाशी काय आहे ते साठी ओलांडल्यावर प्रथमच बघायला चाललो होतो.

जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. हे पिण्याचं पाणी आहे, आधी परवानगी घ्या. आम्हांला काठावरून काम करायची परवानगी मिळाली, पाण्यात पाय घालायची नाही. ते योग्यच आहे. धरणाच्या भिंतीचे फोटो काढू नका.

नऊच्या सुमाराला धुकं वर सरकलं आणि पाणी दिसलं. पाऊस थांबून तीन महिने झाले की गाळ बसतो, म्हणून जानेवारी या कामाला चांगला. पाण्यात घुसलेल्या खडकाच्या टोकावर उभं राहून भाचीनं थाळी सोडली. मी वहीत लिहायला बसलो. एकोणीस गाठी, म्हणजे जवळजवळ दोन मीटर.

मग तिनं दाताळं फेकलं, तळाशी बसू दिलं आणि सावकाश ओढलं. पहिल्या फेकीत नुसता चिखल. दुसऱ्या फेकीत दातांना गुंडाळून हिरवं वर आलं. एकेका पेरावर चार-पाच बारीक पानांचं वर्तुळ, पानाच्या कडेला बोटाला जाणवणारे दाते. हायड्रिला. मी ते हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. तळ्यावरून बादली घेऊन परतताना सायकलच्या हँडलला येणारा तो ओला, किंचित मातकट वास तोच होता.

म्हशी घेऊन आलेले तुडयेचे एक काका आमच्याकडं बघत होते.

"काय गावलं ओ?"

"शेवाळ," मी म्हणालो.

"आमच्या म्हशी पाण्यात मुंडी घालत्यात ते ह्याच्यासाठीच. पण उन्हाळ्यात बघा तुम्ही. पाणी मागं सरलं की ते हितनं तितंपत्तोर दिसतंय." त्यांनी काठीनं एक वळण दाखवलं. भाचीनं त्या वळणाचा फोटो घेतला आणि मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपले. तिच्या पिशवीत एक पुठ्ठा होता, त्यावर चार चौकोनात ठिपके. तळाचा किती भाग गवतानं झाकलाय ते नजरेनं ठरवायला: दहा टक्क्यांपर्यंत, दहा ते चाळीस, चाळीस ते सत्तर, सत्तरच्या वर. विमानातल्या फोटोंनाही तिकडं हेच चार वर्ग लावतात. राकसकोपच्या त्या आडोशाला आम्ही दुसरा वर्ग दिला. मला तिसरा वाटत होता. ती म्हणाली, "शंका आली की खालचा लिहायचा, आणि शंका आली होती हेही लिहायचं." मी तसं लिहिलं.

हे हायड्रिला १९८२ साली तिच्या तिकडच्या पोटोमॅक नदीत सापडलं आणि तिथं हाहाकार झाला. आपल्याकडचं मूळचं, तिकडं परकं. अमेरिकेत ते मत्स्यालयांच्या व्यापारातून शिरलं. काडीचा एवढासा तुकडा पडला तरी रुजतो, शिवाय चिखलात कंद धरून बसतो. नेमकं उलट आपलं झालं. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फुलं सुंदर म्हणून भारतात आली आणि आता आपल्या नद्या गिळत बसलीय. म्हणून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडं जाताना दाताळं, दोरी, चपला स्वच्छ धुवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि दातांत अडकलेला प्रत्येक तुकडा काठावर लांब टाका. आम्ही चारही दिवस हे केलं. यात आळस करू नका.

दुसरा दिवस : हब्बनहट्टी, कणकुंबी

जांबोटीच्या रस्त्यावर गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते, सकाळी लवकर निघा. आम्ही आधी हब्बनहट्टीला उतरलो. मलप्रभेच्या पात्रातच मारुतीचं देऊळ आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जातं. जानेवारीत नदी खडकांच्या फटींतून वाहत असते.

दाताळं टाकायला इथं जागाच नव्हती, सगळा कातळ. तबकडीही निरुपयोगी, कारण सगळ्यात खोल जागीसुद्धा तळाचा खडा न् खडा दिसत होता. मी वहीत "काही नाही" लिहिणार होतो. तेवढ्यात भाची गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मामा, भिंग."

पाणी जिथं उतरलं होतं तिथं ओल्या कातळावर तपकिरी-हिरवे डाग होते, वाळलेल्या शेवाळासारखे. भिंगातून बघितलं तर त्यातून मोहरीएवढी फुलं वर आली होती. देठ केसासारखे. हे शेवाळ नव्हे, फुलझाड आहे. पोडोस्टेमेसी कुळातलं. पश्चिम घाटातल्या वाहत्या नद्यांच्या कातळांवर ही झाडं राहतात. पावसाळाभर धबाबा पाण्याखाली दगडाला घट्ट चिकटून वाढायचं, पाणी उतरून अंग उघडं पडलं की घाईघाईनं फुलायचं, बी टाकायचं आणि वाळून जायचं. त्या मारुतीला मी लहानपणापासून येतोय. दरवेळी याच कातळावरून घसरत पाण्यात उतरलोय.

पुजारीकाका वरून ओरडले, "तिथं पाय ठेवू नका, निसरडं हाय!" मी त्यांना खाली बोलावून भिंग दिलं. त्यांनी एक डोळा मिटून खूप वेळ बघितलं, मग भिंग कपाळाला लावून परत दिलं. "दरवर्षी मी ह्ये खराट्यानं घासून काढतो, माणसं पडू नयेत म्हणून," ते म्हणाले. भाचीनं त्यांना अजिबात दोष दिला नाही. पायऱ्यांवरचं घासा, पलीकडच्या कातळावरचं राहू द्या, एवढंच सुचवलं. ते "बरं" म्हणाले आणि कुठला कातळ ते नीट विचारून घेतलं.

दुपारी कणकुंबीला पोहोचलो. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम, कुंडातलं पाणी बर्फासारखं गार. इथं उभं राहिलं की सह्याद्रीचा माथा म्हणजे काय ते कळतं. मलप्रभा पूर्वेला जाते, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि अखेर बंगालच्या उपसागराला. आणि त्याच गावच्या शिवारातला कळसा नाला पश्चिमेला उतरतो, म्हादईत मिळतो. म्हादई गोव्यात मांडवी होते, पणजीला समुद्राला भेटते. एका गावावर पडलेल्या पावसाच्या दोन वाटा, मध्ये अख्खा दख्खन.

भाची पश्चिमेकडं तोंड करून बसली होती. मांडवीच्या मुखाशी गोडं आणि खारं पाणी मिसळतं, म्हणजे तीही तिच्या चेसापीकसारखीच खाडी, आकारानं फार लहान. गोव्याच्या खाड्यांत हॅलोफिला नावाचं बुटकं समुद्रगवत चिखलावर वाढतं. बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यातून परागण होणाऱ्या झाडांची नावं एका ओळीत यायची: व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, झोस्टेरा. पहिली दोन गोड्या पाण्यातली, तिसरं समुद्रगवत. ती ओळ मी किती वर्षं फळ्यावर लिहिली. झोस्टेरा म्हणजे कसलं हे मला कधी दिसलं नाही. ते तिच्या खाडीच्या खाऱ्या भागातलं मुख्य गवत. तिनं मोबाईलवर दाखवलं: लांब हिरव्या फिती, मधून निळे खेकडे चाललेले.

रात्र मामीच्या माहेरी जांबोटीजवळ काढली. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, लाल तांदळाचा भात, वर लसणीचं तेल. थंडी अशी, की परसात शेकोटीभोवती सगळं घर जमलं. माझे मेहुणे म्हणाले, पूर्वी ओढ्यात उन्हाळ्यातही पाणी असायचं आणि त्यात लांब पट्ट्यांसारखं गवत प्रवाहाच्या दिशेनं आडवं पडलेलं असायचं. पोरं ते उपटून कमरेला गुंडाळायची. केव्हापर्यंत होतं, असं विचारलं. "धाकट्याचं लगीन झालं तोवर तरी होतं." मी वहीत धाकट्याच्या लग्नाचं वर्ष लिहिलं. अशा खुणांवरूनच माग काढावा लागतो.

तिसरा दिवस : हिडकल, भोगी

परत बेळगाव गाठून हायवेनं हिडकलला. घटप्रभेवरचं हे धरण, राजा लखमगौडा जलाशय, ५१ टीएमसीचं. इतकं पाणी बघितलं की आधी गप्प व्हायला होतं. लांबवर वल्लभगडाचा डोंगर.

इथं आमचं बिनसलं. होडी देतो म्हणालेला माणूस फोन उचलेना. तो जत्रेला गेला होता. दीड तास काठावर बसलो. मग एक मासेमार टोपलीसारखी गोल होडी डोक्यावर पालथी घेऊन आला. तिला तो हरिगोल म्हणाला. मराठी त्याला कळत होतं, बोलत मात्र कन्नडमध्ये होता. माझं कन्नड बाजारापुरतं, भाचीचं त्याहून कमी. दाताळं दाखवून हातवारे केल्यावर तो हसला आणि म्हणाला, "पाची?" पाची म्हणजे शेवाळ. "पाची, पाची," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

हरिगोलात तिघं बसलो की ती स्वतःभोवती फिरायला लागते. त्यानं एका वल्ह्यानं ती अशी स्थिर केली, की भाची तिकडच्या होड्यांचं कौतुक विसरली. चोवीस गाठी! अडीच मीटरला थोडं कमी. चारही दिवसांत थाळीनं मोजलेलं सगळ्यात नितळ पाणी हेच.

पण गवत नव्हतं. पाच ठिकाणी दाताळं टाकलं, पाचही वेळा नुसता गाळ. मला वाईट वाटलं. भाची म्हणाली, यात नवल नाही. इथलं पाणी वर्षात कितीतरी मीटर चढतं-उतरतं. आज जिथं दोन मीटर पाणी आहे तो तळ मे महिन्यात उन्हात भेगाळलेला असेल आणि ऑगस्टात खोल अंधारात. मुळं धरून बसणाऱ्या झाडानं राहायचं कुठं? नितळ पाणी हवंच, पण तेवढ्यानं भागत नाही. तिच्या खाडीत हिशोब मांडलाय, की वाढीच्या दिवसांत पाण्यातून गोड्या भागात वरच्या उजेडाचा निदान १३ टक्के आणि खाऱ्या भागात २२ टक्के हिस्सा खाली झिरपला पाहिजे. पाण्यात खताचा अंश वाढला की तरंगतं शेवाळ वाढतं, पाणी हिरवं होतं, उरलासुरला उजेड पानांवर बसलेला बुळबुळीत थर खातो, आणि गवत उपाशी मरतं.

सहाव्या फेकीला दोरी माझ्या हातून सुटली. गाठ मीच मारलेली होती. दाताळं गेलं. मी मासेमाराची क्षमा मागत होतो, तर तो जाळ्याचा गळ घेऊन तळ चाचपायला लागला. वीस मिनिटांनी दाताळं वर आलं, आणि त्याच्या दाताला बोटभर लांब हिरवी फीत अडकली होती. टोक बोथट, कडेला बारीक दाते, मधून समांतर शिरा. व्हॅलिसनेरिया. तुटून कुठूनतरी वाहत आलेला तुकडा असेल, मूळ नव्हतं. पण म्हणजे या जलाशयात ते कुठंतरी आहे. मी फळ्यावर त्याचं चित्र काढायचो: पाण्याखाली सुटणारी नरफुलं वर तरंगत येतात, मादीफूल मळसूत्रासारख्या देठावर पृष्ठभागाशी वाट बघत असतं. मासेमारानं ती फीत माझ्या हातातून घेतली, चावून बघितली, आणि मान हलवली. ओळखीचं होतं त्याच्या.

"मनिगे बर्री," तो म्हणाला. घरी चला. त्या दिवशी भोगी होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं-गाजर-पावटा-हरभऱ्याची मिसळलेली भाजी, लोण्याचा गोळा, शेंगाची चटणी. त्याच्या बायकोनं भाचीला हळदीकुंकू लावलं आणि अमेरिकेत भोगीला काय करतात ते विचारलं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत तिनं भोगी केलेली नव्हती.

मुक्काम संकेश्वरला. खोली स्वच्छ होती, पाणी गरम होतं, एवढं पुरे.

चौथा दिवस : कल्लोळ-यडूर, संक्रांत

चिक्कोडीवरून खाली उतरलो की जमीनच बदलते. काळी माती, दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर उसाच्या गाड्या, हवेत गुऱ्हाळाचा गोड धूर. कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते. संक्रांतीला इकडं घरंच्या घरं नदीला येतात, आंघोळ करतात, काठावर बसून जेवतात. आम्ही गेलो तेव्हा घाट माणसांनी भरला होता. ओळख ना देख, तीन ठिकाणी तीळगूळ हातावर पडला.

आणि पाणी हिरवं होतं. काठाला केंदाळाचा पट्टा, पाचपन्नास फूट रुंद, जांभळ्या फुलांनी डवरलेला. जलपर्णीला इकडं केंदाळ म्हणतात. वरून पंचगंगेतून येतं, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत शिरतं आणि पुढं या बाजूला उतरतं, बंधाऱ्यापाशी अडतं. पाण्यात साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं खत आहे, गावागावांचं सांडपाणी आहे. केंदाळाला हे सगळं मानवतं.

एका नावाड्यानं आम्हांला पट्ट्याच्या पलीकडं नेलं. निघताना त्यानं बजावलं, "हात पाण्यात घालू नका ताई. मगर हाय हितं." हे हसण्यावारी नेऊ नका. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत. कुठं उतरायचं, कुठं नाही, ते तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नका.

चार गाठी. चाळीस सेंटिमीटरवर थाळी गडप झाली. भाचीनं पुन्हा सोडली, मग मी सोडली. चारच. केंदाळाच्या कडेला दाताळं टाकलं, आत टाकलं, बाहेर टाकलं. काळा, वास मारणारा गाळ. वरचं छप्पर उजेड खाली जाऊ देत नाही, खाली कुजतं त्यानं पाण्यातला ऑक्सिजन संपतो. हिरव्या पाण्याखाली हिरवं काहीच उरत नाही. मी वहीत दहा फेकी मांडल्या, दहा शून्यं.

घाटावर परतल्यावर एका आजींनी आम्हांला जेवायला बसवलं. शेंगांची पोळी, दही, वांग्याचं भरीत. आजींचं माहेर सदलगा, सासर इथंच. त्यांनी विचारलं, काय शोधालाय? मी सांगितलं. त्यांनी घास हातात तसाच धरला आणि बोलायला लागल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घाटाच्या सातव्या पायरीवर उभं राहिलं तरी पायाची जोडवी दिसायची. पाण्यात लांब-लांब पाती असायची, कपडे धुताना लुगड्यात अडकायची. त्यात झिंगे असायचे, पोरं ओढणीत धरायची.

"मग कधी गेलं ते, आजी?"

"मला काय म्हाइत बाळा. कोण बघत होतं?"

मी जे उत्तर भाचीला दिलं होतं, तेच.

आजींनी घराच्या भिंतीवरची रेघ दाखवायला नातवाला आमच्याबरोबर पाठवलं. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. भाची तिच्याकडं बघत म्हणाली, की पुरानं गवत जातं हे खरं, पण सगळं जात नाही. २०११ मध्ये ली वादळाचा पूर सस्क्वेहाना नदीतून चेसापीकच्या वरच्या टोकाला आला. तिथं गवताचं एक मोठं कुरण होतं. कडा वाहून गेल्या, पण मध्ये जिथं गवत दाट होतं तिथं त्यानं पाण्याचा जोर मोडला आणि ते टिकलं. विरळ गवताला स्वतःला वाचवता येत नाही. २०१७ साली खाडीतलं एकूण गवत मोजणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा एक लाख एकरांवर गेलं. २०१८ च्या अतोनात पावसानं पाणी गढुळलं आणि २०१९ ला एक तृतीयांशाहून जास्त घटलं. मग पुन्हा हळूहळू वाढ. उद्दिष्ट १ लाख ८५ हजार एकरांचं ठरवलं होतं, ते अजून लांब आहे. पण घटलं तेव्हा किती, कुठं आणि कशानं घटलं ते त्यांना माहीत होतं, म्हणून खत आणि सांडपाणी कुठं आवरायचं यावर त्या सहा राज्यांना निदान एका टेबलावर भांडता तरी आलं.

आपलीही कृष्णा महाराष्ट्रातून येते आणि कर्नाटकात जाते. केंदाळाला हद्द कळत नाही. इतकी वर्षं हद्दीवर राहून मला सीमाप्रश्नाचा जेवढा राग येतो, त्याहून आता या पाण्याचा जास्त येतो.

घाटाच्या सातव्या पायरीवर आजींच्या नातवानं तेलाच्या रंगानं एक छोटी रेघ मारून दिली. वयानं अकरा-बारा वर्षांचा असेल. पुढच्या वेळी नेमकी तीच जागा सापडावी म्हणून. त्याला थाळी सोडायला दिली तर त्यानं गाठी कन्नडमध्ये मोजल्या, ओंदु, एरडु, मूरु, आणि उत्तर मराठीत सांगितलं. तीन. पायरीजवळ आणखी गढूळ होतं. तीही नोंद केली, त्याच्या हाताची म्हणून वेगळी लिहिली.

परतल्यावर

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांना: नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि पुन्हा एप्रिल-मे, असे दोनदा जा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान थाळी सोडा, सावलीच्या बाजूनं, दरवेळी त्याच वेळी. चष्मा लावत असाल तर लावूनच बघा आणि तसं लिहा. काही मिळालं नाही तर शून्य लिहा, कागद कोरा ठेवू नका. तुम्ही तिथं गेला होता आणि नव्हतं, हीही माहिती आहे. वही साधी घ्या, पेन्सिल घ्या, शाई भिजते. खाण्यासाठी काही नेऊ नका, लोक जेवल्याशिवाय सोडत नाहीत. न्यायचाच तर बेळगावचा कुंदा न्या, वाटायला.

भाची परत गेली. जायच्या आधी आम्ही दोघं शाळेमागच्या तळ्यावर गेलो. तिथं आता अर्ध्या भागात भराव आहे. उरलेल्यात दाताळं टाकलं. शून्य. तारीख घालून लिहिलं.

परवा हिडकलहून फोन आला. मासेमाराच्या मुलानं मराठीत सांगितलं, की वल्लभगडाच्या बाजूच्या एका ओढ्याच्या तोंडाशी वडिलांच्या जाळ्यात ती फीत पुष्कळ अडकते, मुळासकट. मे महिन्यात पाणी उतरलं की तिथपर्यंत चालत जाता येतं. मी दाताळ्याची दोरी बदलून घेतलीय, या वेळी गाठ मासेमाराकडून मारून घेणार. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय.